पाण्याचा घोट

चौसाळ्याच्या अलीकडे हायवेला लागून आमचं मैदान आहे. मैदान कसलं, पडीक रानच ते. दगड वेचून वेचून मी ते घोड्यांच्या पायाजोगं केलं. तिथे मी घोड्यावर बसायला शिकवते. वडील लग्नाच्या वरातींना घोड्या द्यायचे. त्यांच्याच हाताखाली शिकले आणि ते थकल्यावर सगळं माझ्या अंगावर आलं. बाईमाणूस घोडी घेऊन फिरते म्हणून सुरुवातीला लोक हसले. आता तेच लोक आपली पोरं आणून सोडतात आणि वर सांगतात, "म्याडम, कडक शिकवा." कडक शिकवायला मला कुणी सांगावं लागत नाही.

माझ्याकडे येणारे तऱ्हेतऱ्हेचे. लग्न चार दिवसांवर आलं की नवरदेव येतात. मारुतीच्या देवळापर्यंत न पडता जायचं, एवढीच त्यांची मागणी. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली येतात, त्यांना कशाचंच भय नसतं. ऊसतोडीहून परतलेल्या घरांतली पोरं येतात, ती तर खोगिराशिवायच टांग टाकतात. काही मात्र खरंच शिकायला येतात, वर्षानुवर्षं येत राहतात, आणि त्यांची बसणी लांबून पाहिली तरी मला कळतं की हे काम माझ्या हातचं आहे. मैदानात सगळे सारखे. मोठ्या घरचा म्हणून मी कुणाला कमी शिव्या दिल्या नाहीत.

पण आमच्या भागातल्या माणसाला घोडा शिकवताना एक अडचण येते. इथे जो तो बैलात वाढलेला. बैल उधळला की कासरा ओढायचा आणि "होऽ होऽ" म्हणायचं, हे आईच्या दुधातून आलेलं. माणूस घोड्यावर घाबरला की त्याच्या तोंडून तेच निघतं. आणि आमची पांढरी घोडी वडिलांनी तयार केलेली. वरातीत हलगी तापली की वडील "होऽ" म्हणायचे आणि पांढरी पुढचे पाय उचलून नाचायला लागायची. म्हणजे बघा, वरचा माणूस म्हणतो थांब आणि खालची घोडी ऐकते नाच. तो आणखी जोरात ओरडतो, ती आणखी रंगात येते.

एका पुढाऱ्याचा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ काढायला पांढरेशुभ्र कपडे घालून आला होता. घोडीने नुसता कान हलवला तर गडी "होऽ" म्हणाला. पुढे जे झालं त्याचा व्हिडिओ त्याच्या मित्रांनी काढला, पण त्याने तो कुणाला दाखवू दिला नाही.

लोक म्हणायचे, घोडीची सवय मोडा. का म्हणून? तिचं काहीच चुकत नव्हतं. जे शिकवलं ते ती चोख करत होती. मोडायची तर माणसाची सवय मोडायची. त्यावर मी एक तोड काढली. घोड्यावर चढण्याआधी तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा आणि फेरी संपेपर्यंत तो गिळायचा नाही, सांडायचा नाही. ओरडलं की सदरा ओला. तोंड बंद झालं की माणसाला आपोआप बाकीचं अंग आठवतं. पाठ ताठ करायची, बूड जड करायचं, मूठ आवळायची आणि लगेच सोडायची. घोडी थांबते. एवढं सोपं आहे, आणि एवढं शिकायला काहींना महिने लागतात.

परवाच्या थंडीत एक बाई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, नऊवारी नाही पण पदर डोक्यावर, पायात स्लीपर. शेजारच्या गावच्या सरपंच. मी म्हटलं, "ताई, मुलाला शिकवायचं का?"

"मला शिकायचंय," त्या म्हणाल्या. "शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गावात पहिल्या घोड्यावर सरपंच बसतो. निवडून मी आले, पण दोन सालं आमचे मालकच बसले. यंदा म्या म्हणलं मी बसनार. तर म्हणले, बस, पण लगाम मी धरतो."

"मग?"

"मग काय? कागदावर सही माझी आन् बोलनार ते. आता घोडं बी तसंच का? मला लगाम माझ्या हातात पायजे, म्याडम. न्हाई जमलं तर मिरवणुकीला मी जानारच न्हाई."

मला ती बाई तिथल्या तिथे आवडली. पण आवडली म्हणून सूट दिली नाही. पहिले काही दिवस त्यांनी पाण्याने पदर भिजवून घेतला. एकदा वैतागून म्हणाल्या, "कावून नाचायली ही? थांब म्हणायलेय ना मी!"

"तुम्ही तिला नाच म्हणताय," मी म्हटलं. "ती तुमच्यापेक्षा शहाणी आहे. चला, दुसरा घोट घ्या."

त्या हसल्या, आणि घेतलाच. स्लीपर जाऊन बूट आले. मिरवणूक जवळ आली तेव्हा त्या पांढरीला मैदानाच्या टोकापासून दुडक्या चालीने आणून माझ्यासमोर गप उभी करायच्या, आणि मग पाणी थुंकून विचारायच्या, "झालं का बरोबर?" बरोबरच असायचं. तरी मी म्हणायची, "ठीक."

मिरवणुकीच्या दिवशी मी पानटपरीजवळ उभी राहिले. घोड्यापाशी मुद्दाम गेले नाही. मालक मात्र भगवा फेटा बांधून घोडीच्या तोंडाशीच चालत होते. लगामाला हात नव्हता, पण हात तयार होता. ताई ताठ बसल्या होत्या. गाव त्यांच्याकडे बघत होतं, आणि बरेच जण मालकांकडेही बघत होते.

चौकात पोरांनी फटाक्यांची माळ लावली. पांढरी बाजूला सरकली आणि अख्खं गाव, बैलांत वाढलेलं गाव, सरपंचाच्या काळजीने एका सुरात ओरडलं, "होऽ! होऽऽ!"

झालं. पांढरीला आयुष्यात एवढ्या माणसांनी एकदम हुकूम दिला नव्हता. तिने पुढचे पाय उचलले आणि हलगीवर असा ठेका धरला की पुढची गर्दी मागे सरकली. मालक लगामाकडे झेपावले. मी जागची हलले नाही. हलले असते तर सगळं शिकवलेलं पाण्यात गेलं असतं.

ताईंनी मालकांकडे बघितलं आणि फक्त मान हलवली. नाही. ओठ घट्ट मिटलेले. मालकांचा हात अधांतरी राहिला. घोडी नाचत होती आणि ताई तिच्या पाठीवर सोफ्यावर बसल्यासारख्या बसून होत्या. मग पाठ ताठ झाली, बूड जड झालं, मूठ आवळली, सुटली. पुन्हा आवळली, सुटली. पांढरी उभी राहिली. हलगीवाल्यांचे हात आपोआप थांबले.

आणि मग टाळ्या पडल्या. बायकांनी आधी वाजवल्या. मी "शाब्बास!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडले की टपरीवाल्याच्या हातचं पान पडलं. मी खूप स्वार घडवलेत, शर्यतीत धावणारेही त्यात आहेत; पण त्या दिवशी जेवढा माझा ऊर भरून आला तेवढा कधी आला नव्हता. माझी विद्यार्थिनी आहे, असं मी ओळख ना पाळख अशा माणसांना धरून धरून सांगितलं.

मिरवणूक पंचायतीसमोर थांबली. तिथे एक म्हातारे बाबा वाट बघत होते. त्यांच्या गल्लीला पाणी येत नव्हतं. ते सवयीने मालकांकडे गेले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. मालकांनी फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसलं. मग बोट वर केलं.

"मला नका सांगू, बाबा. सरपंच त्या हायेत."

बाबा वळले. मान वर करून, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून हाताची सावली धरून त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताईंनी लगाम एका हातात घेतला आणि खाली वाकून शेवटपर्यंत ऐकलं.

"उद्या सकाळी पंचायतीत या."

"तुमी असताव का?" बाबांनी विचारलं.

"मीच असन," त्या म्हणाल्या.