सदतिसाव्या पायरीवरचा जोसाया

क्लिफर्ड ॲस्क्यू हा माणूस खोटारडा नव्हता हो. बेचाळीस वर्षं त्यानं हॅकलथोर्पमध्ये दारोदार दूध घातलं, एका घरची बाटली कधी चुकवली नाही. पण छातीत दुखतंय हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा आमच्या गावचा माणूस एखादा हुतात्मा जन्माला घालेल. क्लिफर्डनं नेमकं तेच केलं.

चर्चच्या मनोऱ्यातल्या सहा घंटा दर मंगळवारी सहा जण दोर ओढून वाजवतात. क्लिफर्ड त्यांचा म्होरक्या. किल्ली त्याच्याकडे, म्हणून जिन्यात तो पुढे. जिना गोल आणि इतका अरुंद, की पुढचा थांबला की मागचे पाचही अडकले. चार वर्षांपूर्वी सदतिसाव्या पायरीवर छातीवर भरल्या बाटल्यांचा खोका ठेवावा तसं झालं आणि तो थांबला.

"मेलास की काय रे?" मागून ऑड्री टेबट ओरडली.

"मी नाही, जोसाया," क्लिफर्डच्या तोंडून निघून गेलं. "सतराशे त्रेचाळीस साली. इथंच पडला, घंटा वाजवायला जाताना. क्षणभर थांबू या."

आता हा जोसाया कोण, हे क्लिफर्डच्या बापालाही ठाऊक नव्हतं. पण जुनी परंपरा म्हटलं की आमच्याकडे पुरावा कोण मागतो? पुढच्या मंगळवारी सगळे आपणहून थांबले, माना खाली घालून. महिन्याभरात त्या सहांतल्याच मॉरिस गजननं चर्चच्या मासिकात जोसायावर चार पानं खरडली. वर्षभरात भिंतीवर पितळी पाटी बसली, पाटीखाली फुलं. जानेवारीच्या गारठ्यात, भरपेट जेवणानंतर क्लिफर्डला एकोणतिसाव्या पायरीवरच छातीत धरायला लागलं, तेव्हा त्या पायरीसाठी जोसायाची विधवा उभी करावी लागली. मग तिलाही फुलं.

डॉक्टरकडे जायला मात्र तो घाबरत होता. बायको, एड्ना, गेल्यापासून मंगळवार सोडला तर त्याच्या आठवड्यात होतं काय? मनोरा बंद झाला की आपण संपलो, असं त्याला वाटायचं. शेवटी कचऱ्याचा डबा चढावर ढकलतानाही कळ आली. कचऱ्यासाठी जोसाया कुठून आणणार? गेला मुकाट्यानं.

डॉक्टर इमोजेन लॉ वयानं त्याच्या नातीएवढ्या. "कधी दुखतं, मिस्टर ॲस्क्यू?"

"सदतिसाव्या पायरीवर."

"दर वेळी?"

"थंडीत एकोणतिसाव्या."

"किती वेळ?"

"'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना सावकाश म्हणून होईस्तोवर. उभं राहिलं की जातं."

बाईंना हसू आवरेना. "अहो, इतकं शिस्तीत दुखणारा माणूस मी पाहिला नाही! याला स्थिर अंजायना म्हणतात. हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्या की श्रमाला रक्त कमी पडतं."

हृदयाचा आलेख साफ निघाला, पण शहरातल्या इस्पितळातल्या स्कॅनमध्ये दोन नळ्या अरुंद दिसल्या. हृदयाचा वेग आवरणारी एक गोळी, कोलेस्टेरॉलची एक, थोडी ॲस्पिरिन, आणि जिभेखाली मारायचा छोटा फवारा, एवढं घेऊन तो पुन्हा बाईंसमोर बसला.

"आणि मनोरा?" त्यानं विचारलं.

"खुशाल चढा. आधी फवारा मारा, सावकाश चढा. मात्र बसल्या जागी दुखलं तर वाट बघायची नाही, थेट ॲम्ब्युलन्स."

क्लिफर्ड गाडीत बसून ढसाढसा रडला.

पुढच्या मंगळवारी तो सदतिसावी पायरी न थांबता ओलांडून गेला. मागून ऑड्री किंचाळली, "क्लिफ! जोसाया!"

वर पोचल्यावर त्यानं सगळं सांगून टाकलं. मॉरिस लालबुंद झाला. "म्हणजे चार वर्षं मी तुझ्या छातीपुढे मान झुकवतोय? तुझ्या छातीवर चार पानं लिहिली मी?"

"म्होरकेपण सोडतो," क्लिफर्ड म्हणाला.

"खड्ड्यात गेलं तुझं म्होरकेपण!" ऑड्री बाकावर टेकली होती, चेहरा पांढराफटक. "ते थांबणं बंद करायचं नाही, सांगून ठेवते. मला तिथं दम घ्यावाच लागतो. गेल्या आठवड्यापासून तर टीव्हीसमोर बसूनही दुखतंय. आत्ताही."

क्लिफर्डनं तिथल्या तिथं ॲम्ब्युलन्स बोलावली. "मंगळवारी? लाज नाही वाटत?" ऑड्री करवादली.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिला खुर्चीला बांधून जिन्यातून उतरवलं. सदतिसाव्या पायरीवर ते हात बदलायला थांबले आणि मागच्या सगळ्यांनी सवयीनं माना खाली घातल्या.

"माना वर करा, मेल्यांनो!" ती गरजली. "मी जिवंत आहे अजून!"

क्लिफर्ड तिच्यासोबत गाडीत बसला.

"तू पुढे थांबायचास," ती म्हणाली, "आणि मी मागे देवाचे आभार मानायची. क्लिफ, तू तेव्हाच नुसतं 'दुखतंय' म्हणाला असतास ना, तर मीही म्हणाले असते."

"चुकलं माझं," क्लिफर्ड म्हणाला. तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि इस्पितळ यायला अजून वीस मिनिटं होती.