एकाच मापाचे दोन ब्रॅकेट

वर्कशॉपात त्यांना सगळे दाजी म्हणायचे. मालकाची धाकटी बहीण त्यांना दिलेली, म्हणून मालक म्हणायचा. मालकाचं ऐकून कामगार म्हणायला लागले, मग माल न्यायला येणारा टेम्पोवाला, समोरचा वेल्डर, चहा आणून देणारासुद्धा. बावीस वर्षं लोखंड कातायच्या लेथवर उभं राहिलेल्या माणसाला कुणी तरी एकदा टर्नर म्हणावं, एवढी अपेक्षा काही जास्त नाही. पण तेवढीही कुणी पुरी केली नाही.

हात मात्र असा स्थिर, की काठोकाठ भरलेला कप घेऊन जिना चढले तरी बशी कोरडी. दादांनी, म्हणजे मालकांनी, तो हात पाहिला आणि बहीण देऊन टाकली. चांगला कारागीर दुसरीकडे जाऊ नये म्हणून लोक पगार वाढवतात, दादांनी सोयरीक केली, असं समोरचा वेल्डर म्हणायचा. दादा बहिणीला अजून चिमी म्हणतात, म्हणून आपणही चिमीच म्हणू. तिला विचारलं तर ती सांगायची, "लग्न झालं की बायका सासरी जातात. मी जिन्याने वर गेले."

वर म्हणजे वर्कशॉपच्याच माथ्यावरच्या दोन खोल्या. खाली लेथ सुरू झाला की वर भिंतीवरचं घड्याळ थरथरून तिरकं व्हायचं आणि चिमी ते रोज सरळ करायची. दादा वाईट असते तर फार सोपं झालं असतं. पण ते वाईट नव्हते. चिमीचं ऑपरेशन झालं तेव्हा सात रात्री दवाखान्यातल्या बाकावर तेच झोपले होते. काही मागितलं की म्हणायचे, "विचारता काय दाजी, घर आपलंच आहे." फक्त लेथ दहा मिनिटं गप्प राहिला, की खालून हाक यायची, "दाजी, बरं आहे ना?" चौकशी मायेचीच, पण शेवटचा घास न चावता उतरायचा.

वर्कशॉपच्या पार मागच्या टोकाला दाजींची गाडी उभी होती. नऊ वर्षांपूर्वी भंगारातून आणली तेव्हा दादा म्हणाले, "राहू दे की, जागा आपलीच आहे." मग त्या आपल्या जागेत गाडीच्या पुढ्यात सळ्या आल्या, सळ्यांपुढे लेथवर कातलेल्या बुशांची, म्हणजे लोखंडी कड्यांची, खोकी आली. उजवीकडून गाडी भिंतीला इतकी टेकली, की मधे जेमतेम वीतभर फट उरली. दाजींनी तिचा पत्रा सरळ केला, इंजिन खोलून परत बांधलं, तेही सुरू झालं. राहिला ब्रेक. त्या गाडीचा जुना ब्रेक आता कुठे बनत नव्हता, म्हणून दाजींनी पुढच्या चाकांना नव्या तऱ्हेचा बसवायचा ठरवला. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, आणि तिला चिमट्यासारखा दाबून धरणारा कॅलिपर. चकत्या आणि कॅलिपर जुन्या बाजारात मिळाले. पण कॅलिपर गाडीला धरून ठेवणारा ब्रॅकेट कुठेच मिळणार नव्हता. तो घडवायलाच हवा.

बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून त्यांनी अकरा नमुने कापले. कुठे चाक घासायचं, कुठे बोल्ट हुकायचा. बारावा बसला. तो कॅलेंडरच्या पाठीवर मापांसकट काढत बसले असताना एक म्हातारे मिस्त्री शाफ्ट करून घ्यायला आले. जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणणारा त्यांचा मोठा कारखाना, दोन तासांच्या वाटेवर. ते चित्र बराच वेळ बघत राहिले.

"कुणी काढलं?"

"मीच."

"टर्नर आहेस?"

दाजी एवढे गडबडले, की मान हलवायला वेळ लागला.

मिस्त्री हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी ही गाडी स्वतः चालवत आण. ब्रेक तुझ्या हातचा पाहिजे. नीट थांबली, तर सोमवारपासून माझ्याकडे ये. राहायला मागे घर आहे. माझंही वय झालं, आता मला थांबता येत नाही. नाही आलास तर दुसरा एक जण तयार आहे."

चिमीला हे सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. "घराखाली लेथ नाही ना?" तिने एवढंच विचारलं, आणि त्या दिवशी घड्याळ सरळ करायची विसरली.

दादांना काही सांगितलं नाही. आधी गाडी तर थांबू दे, मग सांगू, असं ठरलं.

दाजींनी जाड पोलादी पट्टीचे दोन तुकडे कापले, एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळले आणि दोघांना एकदमच भोकं पाडली. मग मिलिंग मशीनवर दोन्हींची एकेक बाजू सारखी कापून उतरवली. एकावर एक ठेवून कडेवरून नख फिरवलं तर नखाला जोड लागत नव्हता. नगाला नग. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, हजारावा बुश पहिल्यासारखा. डावा ब्रॅकेट डोळ्यांनी बघून बसवला, उजवा भिंतीच्या फटीत हात घालून, चाचपून. बोल्ट सरळ आत गेले, तेव्हा त्यांनी भिंतीलाच थोपटलं.

बुधवारपासून दुपारी लेथ बंद झाला, की दाजी आणि चिमी गाडीशी. ब्रेकच्या तेलात हवा राहिली तर ब्रेक धरत नाही, म्हणून ती काढावी लागते. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने कॅलिपरचं निपल, म्हणजे तोटी, सैल करायची.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. सोड."

"सोडलं. अहो, सासुरवास चुकला म्हणून मी आनंदात होते."

डावीकडून बुडबुडे निघाले आणि थांबले. उजवीकडून आधी थोडे निघाले, मग नुसतं तेल. पण पेडल ओल्या गादीसारखं. तीन दिवस दाबलं, दोन डबे तेल संपलं, पेडल गादीच राहिलं. दाजींनी पाइप बदलला, सील बदललं. शनिवारी दुपारी ते बंपरवर बसून राहिले, पाना मांडीवर.

"उतरा तुमच्या त्या सिंहासनावरून," चिमी म्हणाली, "आणि आत बसून तुम्ही दाबा. मी बघते फटीत. तुमच्यापेक्षा बारीक आहे."

टॉर्च घेऊन ती भिंत आणि गाडीच्या मधे आडवी सरकली. चाकापाशी उजेड फिरवत राहिली. मग तिथूनच आवाज आला. "त्या बाजूला ती रबराची टोपी वर होती ना?"

"तोटीची? वरच असते."

"इथे खाली आहे."

"खाली कशी असेल?"

"आता ते मला काय ठाऊक? गरम पाण्याची पिशवी भरताना हवा काढायची तर आपण तोंड वर करतो. इथे तोंड खाली करून ठेवलंय. हवा वरच बसून राहणार, आपण जन्मभर दाबलं तरी."

दाजी गाडीतून उतरले. जमिनीवर उताणे झाले, खालून डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. डावा कॅलिपर चाकाच्या मागे होता. उजवा पुढे, आणि उलटा. दोन्ही बाजू एका नजरेत त्यांनी आज पहिल्यांदा पाहिल्या होत्या. उजव्या हाताला डाव्याचा मोजा घातला होता त्यांनी. मोजा सुबक होता, हीच काय ती गंमत. आणि चाक पूर्ण वळवलं की उजवीकडचा तेलाचा पाइप तारेसारखा ताणला जात होता.

"कॅलिपर सोडून हातात वर धरला, तर हवा निघेल," ते म्हणाले. "पेडल घट्ट होईल. उद्या जाता येईल."

"आणि तो पाइप?"

"चार वळणं धरेल. पाचव्याला माहीत नाही."

"मग मी मागे बसू की पुढे?" चिमीने विचारलं. दाजींनी पाना खाली ठेवला.

नवा ब्रॅकेट, उजव्याचा खराखुरा उजवा, रात्रीपर्यंत झाला असता. पण मिलिंगवर दादांचं काम लावलेलं होतं. दाजी त्यांच्या टेबलापाशी गेले. चिमी पाठीमागे उभी राहिली, हात पदराला पुसत.

"दादा, मिलिंग जरा मोकळं हवं होतं. आज."

"विचारता काय, मशीन आपलंच आहे. फक्त हे चारशे नग होऊ देत, सोमवारी माल जायचाय. उद्या रात्रीपर्यंत तुम्हीच उरकाल. तुमचं काही अर्जंट आहे का?"

इथे एक वाक्य बोलायचं होतं. चिमी वाट बघत होती. दादा चष्मा काढून, खरोखरच काळजीने, त्यांच्याकडे बघत होते. सात रात्री बाकावर झोपलेला माणूस.

"नाही," दाजी म्हणाले. "घरचंच काम आहे."

चिमी वर निघून गेली. जिन्याच्या पायऱ्या त्या दिवशी जरा मोठ्याने वाजल्या.

रविवारी सकाळी दाजींनी मिस्त्रींना फोन केला. काही लपवलं नाही. दोन्ही ब्रॅकेट एकसारखे केले, म्हणाले. पलीकडे मिस्त्री हसले. "खरं सांगितलंस, बरं केलंस. अशा माणसाच्या गाडीत मी बसलो असतो. पण टर्नर, उद्या तो दुसरा येतोय रे." मग दाजींनी चारशे नग उरकले. शेवटचा पहिल्यासारखाच होता.

पुढच्या रविवारपर्यंत ब्रॅकेट झाला. पेडल दगडासारखं घट्ट. सळ्या आणि खोकी हलवायला दादांनी स्वतः हात लावला, आणि गाडी सुरू झाली तशी पुढचं दार उघडून शेजारी बसले. "नऊ वर्षं जागा दिली, एक चक्कर तरी माझी." चिमी मागे बसली.

गाडी वर्कशॉपभर चालत फाटकाच्या उतारावर आली. दाजींनी पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, इकडे नाही की तिकडे नाही.

"वा," दादा म्हणाले. "कशी धरली. दाजी, जुन्या गाडीवाल्यांना हे हवंच असणार. आपण बनवू. पाचशे नग काढू."

"दादा, उजवा-डावा वेगळा असतो."

"मग अडीचशे-अडीचशे. तुमच्याशिवाय कोण करणार?"

पुढे रस्ता मोकळा होता. दाजींचा पाय पेडलवर तसाच होता. आरशात चिमी दिसत होती.

"अहो," ती म्हणाली, "सोडा आता."

त्यांनी पाय उचलला नाही. समोर बघत म्हणाले, "दादा, मागच्या शनिवारी मिलिंग मागितलं, तेव्हा मी एक गोष्ट सांगितली नाही."

"काय झालं? बरं आहे ना?" दादांनी विचारलं.