गरम पाण्यात घातलेली लड

शुभाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लातूरला क्लासेससाठी आलेल्या मुलींची माझी मेस आहे, सकाळी सात म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नसते. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. आणि मी, काय सांगू, पिठाच्या हातानं फोन कानाशी धरून विचारलं, "आता कुठं?" माझी थोरली बहीण सारखी कुठंतरी जातच असायची हो. कधी बिकानेर, कधी भूज, कधी हिमाचलात मेंढपाळांच्या मागं... पलीकडून शुभा हुंदके द्यायला लागली तेव्हा कुठं मला उमगलं. मिळेल त्या एसटीनं नांदेड गाठलं. घरच्यांनी अक्काचा अंत्यविधी माझ्यासाठी थांबवून ठेवला होता. आज त्याला सव्वा महिना झाला.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. हातानं लोकर कातायची आणि त्या सुताचे भिंतभर पट विणायची. मुंबईला, अहमदाबादला तिची प्रदर्शनं झाली, पेपरात फोटो आले. नांदेडात गल्लीतले लोक मात्र 'लोकरवाल्या बाई' एवढंच म्हणत, आणि तिला तेच आवडायचं. "कलावंत कसली गं, मी सूत काढणारी बाई हाय," म्हणायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पोस्टात होते. मोठे सोशिक. ते म्हणत, "लोकांच्या बायका प्रवासात चिवडा घेतात, आमच्या गाठोड्यात अर्धं मेंढरू." एकदा मुदखेडला गाडी थांबली म्हणून ही फलाटावर उतरली आणि टकळी फिरवत उभी राहिली. बघ्यांचा घोळका जमला. गाडी हलली तरी बाई धागा तोडेना! दाजी दारातून ओरडून राहिले, "अहो, सोडा ती टकळी!" शेवटी चढली खरी, पण पाण्याची कळशी फलाटावर राहिली आणि टकळी तेवढी हातात. नांदेडपर्यंत दाजी तिच्याशी बोलले नाहीत. ती मात्र निवांत कातत बसली होती.

घरात तिची एक शिस्त होती. सूत काढलं की त्याची लड करायची, कोमट पाण्यात न चोळता भिजवायची, सावलीत वाळवायची आणि चिठ्ठी बांधून कपाटात ठेवायची. चिठ्ठीवर फक्त गावाचं नाव. इस्लापूरच्या धनगरांची लोकर काळी आणि राठ, हिमाचलची मऊ, हे ती डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगायची. मला त्यातलं ढिम्म कळायचं नाही. मला भाजीत मीठ किती ते कळतं, आणि त्यावरही ती मला बोलायचीच. "मंदे, मुली शिकायला आल्यात का मिठागरात कामाला?" हे तिचं ठरलेलं वाक्य होतं.

कातायला ती शिकली आमच्या आईकडून. निलंग्याच्या पलीकडं आमचं गाव. दरवर्षी धनगर आमच्या शेतात मेंढरं बसवायचे, खतासाठी. जाताना थोडी लोकर आईला देऊन जायचे. आई दुपारी जोत्यावर बसून ती पिंजायची, कातायची, आणि पुरेसं सूत झालं की घोंगडीला द्यायची. आई टापटिपीची म्हणजे किती, तर चुलीपुढची राखसुद्धा तिला रेषेत लागायची.

मग भूकंप झाला. गाव गणपती पाण्यात शिरवून झोपलं होतं. आई घरातच राहिली... दगडामातीच्या भिंती, वर माळवद, कोण वाचतं त्यात. अक्का आणि मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ढिगारा उपसताना पोरांना आईची एक लड सापडली, मातीनं लडबडलेली. अक्कानं ती पदरात घेतली. मी काय केलं? मी लोकांसाठी खिचडी शिजवायला घेतली. चार दिवस मी त्या चुलीपुढून उठले नाही. आम्ही दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो नाही ते नाहीच. ती तिकडं मुकी, मी इकडं डाव हालवत. लोक म्हणाले, मंदा मोठी धीराची. कसला धीर आलाय! मला थांबायची भीती वाटत होती.

ती लड अक्कानं कधी धुतली नाही. चिठ्ठी बांधून तशीच मातीसकट कपाटात ठेवली. पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, गल्लोगल्ली पोरींच्या खोल्या आणि मेस झाल्या, त्यात माझीही. शुभा अकरावी-बारावीला माझ्याकडंच होती. त्यातल्याच एका वर्षी अक्का महिनाभर हिमाचलला निघाली आणि नेमकं दाजींनी घराचं रंगकाम काढलं. मजुरांच्या हातात नको म्हणून अक्का ती लड घेऊन माझ्याकडं आली. "मंदे, ही तेवढी तुझ्याकडं राहू दे," म्हणाली. दुसऱ्या कुणाकडं तिनं ती दिली नसती.

मी ती माळ्यावर ठेवली. पण तेव्हापासून मला घरात सुचेना. शिडीवर चढून डाळीचा डबा काढायला गेलं की ती माती हाताला लागायची. कोरडी, पिवळसर, आमच्या भिंतीची. त्या मातीनंच तर आईला... आणि तीच आम्ही जपून ठेवायची? एका दुपारी मुली क्लासला गेल्यावर मी ती लड खाली काढली, मोठ्या पातेल्यात कढत पाणी केलं, साबणाचा चुरा टाकला आणि खसाखसा चोळली. माती निघाली. बरं वाटलं, खरं सांगते. आईला मळकं खपलंच नसतं. पण पाणी ओतून बघते तर पातेल्यात लडच नाही! सगळे धागे एकमेकांत घट्ट बसून तळहाताएवढा जाड गोळा झालेला, घोड्याच्या खोगिराखाली लोकरीचा जाड थर घालतात तसला. कढत पाण्यात लोकर चोळली की ती आटते आणि कायमची चिकटते, हे अक्काच्या बहिणीला ठाऊक नसावं! ओढून बघितलं, ताणून बघितलं, एक धागा सुटेना.

अक्का परत आली. मी गोळा तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "कौसाबाईनं चुकून चादरींबरोबर धुतली गं." कौसाबाई म्हणजे माझ्याकडं धुणंभांडी करणारी बाई. एवढी गरीब बाई, आणि मी तिच्यावर ढकललं. अक्कानं गोळा हातात घेतला, बोटांनी चाचपला, नाकाशी नेला. "बरं," म्हणाली. बस, एवढंच. मिठावरून मला पिदाडणारी माझी बहीण यावर एक शब्द बोलली नाही.

पुढच्या रविवारी ती शुभाला भेटायला आली तेव्हा मागल्या अंगणात कौसाबाईजवळ जाऊन बसली. मी खिडकीतून बघत होते. बराच वेळ बोलल्या दोघी. अक्कानं तिला पोलक्याचं कापड दिलं. कौसाबाई माझ्याशी पहिल्यासारखीच वागली. मला वाटलं, सुटले. त्यानंतर कितीदा अक्काला एसटीत बसवून द्यायला गेले असेन. खिडकीतून म्हणायची, "मंदे, काई बोलायचंय का?" मी म्हणायची, "न्हाई गं, पोचलीस की फोन कर." गाडी निघून जायची. शुभा दातांची डॉक्टर झाली, दाजी गेले, वीस वर्षं उलटली.

चौदावा झाल्यावर शुभानं अक्काचं कपाट उघडलं. लडीच लडी, चिठ्ठ्या लावलेल्या. खालच्या खणात स्टीलचा डबा, त्यात तो गोळा. पण तो पहिल्यासारखा राहिला नव्हता. एका बाजूनं सुटत आला होता, त्यातून धागे मोकळे झाले होते, आणि सुई त्यातच टोचून ठेवलेली. "दुपारची घेऊन बसायची," शुभा म्हणाली. "दिवसाला वीतभर निघालं तर लई. बाकीचं तुटायचंच."

मी जुन्याच सवयीनं बोलून गेले, "कौसाबाईनं तेव्हा जरा बघून..."

शुभानं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तू अजून तेच म्हणून राहिलीस? कौसाबाईनं आईला तेव्हाच सांगितलं होतं, की ती त्या आठवड्यात तिच्या गावी गेली होती."

मी तिथंच खाली बसले. "मग मला का बोलली न्हाई ती?"

"मी पण विचारलं होतं. आई म्हणाली, मंदाला ती माती बघवली न्हाई, आन मी तिच्याच डोक्यावर नेऊन ठेवली. चूक माझी हाय. ती येईल एक दिवस आपणहून सांगायला, तेव्हा बसू आम्ही दोघी आईसाठी रडत. आमचं ते राहून गेलंय."

मी नाही गेले. तीन तासांचा तर रस्ता होता... लाज वाटत राहिली, आणि दर वर्षी ती लाज जास्तच अवघड होत गेली. शुभानं तो डबा मला दिला. कौसाबाई अजून आहे, थकली आहे. परवा तिच्या घरी जाऊन पाया पडले, तर ती बिचारीच घाबरली.

आता दुपारी मुली क्लासला गेल्या की मी डबा उघडून बसते. सुई चालवायला हात वळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. काल तासाभरात बोटभर धागा निघाला. आईनं कातलेला, अक्कानं सोडवत आणलेला. तो हातात धरला आणि मला रडू फुटलं, पातेल्यातलं वरण करपेपर्यंत रडले. मी धुतली गं, अक्का. मीच धुतली.