फोनवर तोच बोलायचा

काही प्रकरणांची फाईल बंद होते, पण ती कानातून जात नाहीत. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फौजदार होतो, तेव्हाचं हे एक.

भवानी पेठेतल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून एक मंडळी काढली होती. जिल्ह्यातल्या एखाद्या होतकरू पोराला धंद्याच्या उपयोगाचं नवं यंत्र करायचं असेल आणि बँक त्याला दारात उभं करत नसेल, तर ही मंडळी त्याला भांडवल, जागा आणि फोन द्यायची. बदल्यात हिस्सा घ्यायची. यंत्र फसलं तर पैसे परत मागायचे नाहीत, असा करार.

मंडळीचे प्रमुख, एक वयस्कर सूतव्यापारी, दुपारी ठाण्यात आले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मंडळीने एकमेकांचे मित्र असलेल्या दोन पोरांना भांडवल देऊन उभं केलं होतं. एक इंजिनियर, दुसरा व्यवहार बघणारा. दुकान बंद असताना फोन आला, तर मालकाचा आवाज ऐकवून गिऱ्हाईकाचा निरोप टेपवर घेणारं यंत्र ते मंडळीने दिलेल्या छोट्या कारखान्यात बनवत होते.

"इंजिनियर लई दिवस दिसला न्हाय," अप्पा म्हणाले. "फोनवर मात्र बोलतो."

"मग तक्रार कसली?"

त्यांनी आवाज खाली आणला. "आवाज त्याचाच हाय, साहेब. पण जेवलास का विचारलं, तर म्हणतो, काम चाललंय. आन् कवाबी फोन लावा, त्याच्या मागं गिरणीचा भोंगा वाजतोय की."

मी त्यांच्या पेढीवर जाऊन रिसीव्हर कानाला लावला. "नमस्कार अप्पा, काम चाललंय." उत्साही, तरुण आवाज. मागे लांबवर भोंगा. बाहेर भोंग्याची वेळच नव्हती. ही टेप आहे हे मला कळत होतं, तरी अंगावर काटा आला.

मी व्यवहार बघणाऱ्या भागीदाराला ठाण्यात बोलावलं.

"तो कारखान्यात आहे," तो शांतपणे म्हणाला. "आत्ताच बोलून आलो त्याच्याशी."

मी त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि अप्पांना कारखान्यात फोन लावत राहायला सांगितलं. हवालदार कारखान्यावर जाऊन आला. दाराला कुलूप, आत नुसती घंटी वाजतेय.

"तुम्ही इथे बसलात की तो फोन का उचलत नाही?" मी विचारलं.

तो तळहातांकडे बघत म्हणाला, "कसा उचलणार, साहेब?"

काम करताना इंजिनियरला विजेचा धक्का बसला आणि तो जागीच गेला होता. "अप्पा यंत्राला भांडवल देत नाहीत, माणूस बघून देतात. तो गेला म्हणजे सगळं बुडालं." भागीदाराने प्रेत टेम्पोतून मोडनिंबजवळच्या स्वतःच्या शेतात नेऊन पुरलं. यंत्राच्या चाचणीसाठी भरलेल्या मित्राच्या आवाजाचे तुकडे तो फोनवर ऐकवायचा.

"नंतर कोणाचा फोन नसला तरी टेप लावायचो," तो म्हणाला. "अडलं की त्यालाच विचारायचो. बरं वाटायचं."

मॅजिस्ट्रेटसमोर प्रेत उकरलं. शवविच्छेदनात विजेचा धक्काच निघाला. खून नव्हता; मृत्यू लपवल्याबद्दल शिक्षा झाली.

अक्कलकोटकडच्या खेड्यातून इंजिनियरची आई ठाण्यात आली. रडली नाही. मुलाचा आवाज ऐकवा, एवढंच म्हणाली. मी जप्त टेपांतली एक लावली.

"बोला, मी ऐकतोय," मुलगा म्हणाला. पुढे टेप कोरी होती, नुसती खरखर.

बाई पुढे सरकली आणि कन्नडमध्ये त्याच्याशी बोलू लागली. म्हैस व्यायल्याचं, बहिणीचं लग्न ठरल्याचं. मधूनमधून थांबायची, मान डोलवायची, पुन्हा बोलायची. टेप संपून चाक रिकामं फिरत होतं. बंद करायला हवालदाराचा हात पुढे होईना आणि माझाही.

पुढे नोकरीभर, हरवलेल्या माणसाची तक्रार आली की 'त्याच्याशी शेवटचं कोण बोललं' हे मी आधी विचारलं नाही. 'शेवटचं डोळ्यांनी कोणी पाहिलं' हे विचारलं. अप्पांच्या मंडळीने भांडवल देणं थांबवलं नाही. फक्त अप्पा फोनवर विश्वास ठेवेनासे झाले. ते जाऊन पोरांच्या शेजारी बसत आणि पाठीवर हात ठेवून विचारत, "जेवलास का?"