बिनगोळीचे पैलवान

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मी एचआयव्हीच्या गोळ्या आणायला जाते, तेव्हा बाकावर चाचा हमखास भेटतात. जुन्या शहरात त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे. दाढीला मेंदी आणि बोलण्यात बढाई. आजार त्यांनाही आहे, माझ्याआधीपासून. पण त्यांचं शरीरच त्याला असं दाबून बसलंय की डॉक्टरांनी अजून एकही गोळी सुरू केलेली नाही. रक्ततपासणीचा कागद ते बाकभर फिरवतात, जणू मुलगा बोर्डात आलाय.

"पाहा बाई, अजून पैलवानच हाये मी!"

माझे यजमान याच आजाराने गेले तेव्हा इथे गोळ्या मिळतच नव्हत्या. म्हणून या पैलवानकीचा मला कधीकधी राग येतो. पण चाचा दिसले नाहीत तर चैनही पडत नाही.

परवा हिवरखेडची एक तरुण बाई शेजारी बसली. मळमळतं म्हणून तिने सकाळची गोळी तशीच पिशवीत ठेवली होती.

"चाचा, तुमी बिनगोळीचे जगून राहिले म्हने. मंग मलेच काहून पाह्यजे?"

चाचांनी तपासणीचा कागद घडी करून ठेवला. मग खिशातली खोकल्याची चघळायची गोळी काढून त्यांनी ती पाण्याबरोबर अख्खी गिळली.

"कोन म्हनते? रोज घेतो, म्हनून तं पैलवान हाये. घे बेटी, मी पाहून राहिलो."

तिने तोंड वाकडं करत गोळी घेतली. ती बाई डॉक्टरांकडे आत गेल्यावर चाचा पुटपुटले, "बाई, माही तं सारी इज्जत गेली."

"हो चाचा. आता तुम्ही आमच्यातलेच."

त्यांना ते मुळीच आवडलं नाही.