भावाचा उपवास मी मोडला

देवीशी माझं उघड भांडण होतं. परकर नेसायच्या वयात, शिराळ्याजवळच्या आमच्या घरात थोरल्या चुलतभावानं माझ्याशी जे केलं आणि पुढंही करत राहिला, तेव्हा तू कुठं होतीस, हे मी तिला रोज हात जोडून विचारायची. लग्न होऊन साताऱ्यात आले, मालक फौजेत होते, मुलगी झाली, तरी प्रश्न तोच. अधूनमधून घसा असा आवळायचा की शब्द फुटत नसे. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. गल्लीतल्या देवीच्या देवळात बायकांच्या मंगळवारच्या भजनाला मी जायची ती नुसती टाळ वाजवायला.

मोठ्या दुष्काळानंतरच्या एका श्रावणात आईचा निरोप आला. पंचमीला मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून तोच चुलतभाऊ येणार होता. सख्खा भाऊ नसल्यानं आमच्याकडं भाऊ म्हणजे तो. नातीला महिनाभर ठेवून घेऊ, असंही आईनं कळवलं होतं. मुलगी माझ्या त्या वयाची झाली होती. नाही म्हणावं तर कारण सांगायला लागणार, आणि कारण सांगितलं तर माहेर तुटणार. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात, तो मी दर वर्षी त्याच्या नावानं धरत आले होते. त्याही वर्षी धरला. आता सांगताना संताप येतो.

तो दिवस मंगळवारचाच होता. सकाळच्या भजनानंतर देवीचा दहीभात वाटायचा असे. उपवासाच्या बायका तो कपाळाला लावून पोरांच्या हातावर देत. वाटणारी बाई नवीन होती, सांगलीकडची, कुणाची तरी पाहुणी असावी. भात ठेवताना तिनं माझा हात धरूनच ठेवला.

"कुनासाठी धरलायस गं उपास?"

"भावासाठी."

"त्यानं भलं केलंय का तुझं?"

मी देवीकडं पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत तो भात खाल्ला. मग बोलले. काय झालं, कुणी केलं, संध्याकाळच्या एसटीनं कोण येणार, सगळं. घसा आवळला नाही.

भजनात सगळ्यांत थोरल्या अक्का. त्यांना आख्खी गल्ली वचकून असे. आता मला देवळातून हाकलतात, असं वाटलं. अक्कांनी भाताचं पातेलं पुढं ओढलं आणि घास घेतला.

"माझा बी मोडला," त्या म्हणाल्या. "माझा मामा व्हता. भावाला सांगितलं, तर त्यानं मलाच मारलं. त्याच्यासाठी म्हातारी हुईस्तवर उपाशी ऱ्हायले मी."

थोड्या वेळानं कोपऱ्यातल्या शिंपीणबाईंनी भातासाठी हात पुढं केला. का, ते कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी तो आला तेव्हा माझ्या सोप्यात सगळं भजनी मंडळ पदर खोचून बसलं होतं. त्याला कुणी पाणी विचारलं नाही. मी म्हणाले, "माझी पोरगी तुझ्या सावलीला यायची न्हाई. का, ते तुला ठावं हाय. आता ह्यांनाबी ठावं हाय." तो हसायला गेला, पण अक्कांचं तोंड पाहून पिशवी उचलून निघाला.

माहेर तुटलं. तू आम्हाला मेलीस, असा आईचा निरोप आला. लय रडले. पण मंगळवार चुकला नाही. भजन झालं की दार लोटून आम्ही बसायचो. बोलायचं तिनं बोलावं, रडायचं तिनं रडावं, फक्त 'विसरून जा' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. शिंपीणबाई पुढच्या वर्षी बोलल्या. मी गायला लागले, तेही वरच्या पट्टीत. मालक सुट्टीवर आल्यावर त्यांनाही मीच सांगितलं. ते "बरं केलंस" म्हणाले.

ती सांगलीची बाई पुन्हा दिसली नाही. प्रत्येकीला वाटत होतं, ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पाहुणी आली होती. मी त्याचा फार विचार करत नाही. जिनं पाठवायची तिनं पाठवली. देवीपुढं मी आता पुरती वाकते, आणि तिच्यापुढं वाकल्यापासून दुसऱ्या कुणापुढं वाकावं लागलेलं नाही. तिचे उपकार मानायचे ते यासाठी.

गेल्या श्रावणात आई एकटीच एसटीनं आली. माझ्याशी न बोलता मंगळवारी देवळात येऊन आमच्यात बसली. बाकीच्यांचं ऐकलं. मग दाराशी आलेल्या नातीला घरी पाठव म्हणाली, दार स्वतः पुन्हा लोटलं, आणि आपल्या लहानपणचं सांगायला लागली.