उस्तादांच्या हातचा पाना

मित्रांनो, आज मी पार वैतागलो.

हिंगोलीच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्राची पाती बसवणं फक्त उस्तादांना येतं, आणि त्यांची नजर अधू होत चालली आहे. निजामाच्या मुलखात दुसरा मिस्त्री मिळत नाही. म्हणून आज मी सांगितलं, पाती त्यांचा मदतनीस महादू बसवील, उस्तादांनी शिकवावं.

महादूनं पाना जरासा फिरवताच उस्तादांनी तो ओढून घेतला. "सरक. काहून एवढा जोर लावून राहिला?"

"उस्ताद, शिकवायचं ठरलंय."

"शिकवूनच राहिलो, साहेब. बघू द्या त्याला."

महादू वर्षानुवर्षं बघतोच आहे. संध्याकाळी म्हणाला, "साहेब, मला कापसाचे बोजे उचलायला धाडा. पाठीवरचा बोजा तरी कोणी हिसकून घेत न्हाई."

शिकवणाऱ्याचे हात आवरणं तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?